आधी मंजुरीपत्र, मग सॅम्पल फ्लॅट

शनिवारी संध्याकाळी नाशिकमधल्याच भाचीचा फोन आला. "मामा, उद्या वेळ आहे का? पाथर्डी फाट्याला दोन फ्लॅट बघायचेत, मग गंगापूर रोडला एक. तू असलास की बरं पडतं."

मी विचारलं, "कर्ज किती मिळणार, बँकेत विचारलंत का?"

"ते होईल रे. आधी घर पसंत तर पडू दे. तसंही बँकवाले रोज फोन करतात, मॅडम, तुमचं पन्नास लाखांचं लोन प्री-अप्रूव्हड आहे म्हणून."

उद्याचा बेत रद्द करा आणि सोमवारी नवरा-बायको दोघंही अर्धा दिवस सुट्टी टाका, आपण आधी बँकेत जाऊ, असं म्हटल्यावर ती हिरमुसली. तिचंही चुकत नव्हतं. घर घ्यायचं म्हटलं की आपण सगळे आधी घरच बघायला निघतो. सॅम्पल फ्लॅटमधला पांढरा सोफा, बाल्कनीतून दिसणारी पांडवलेणीची टेकडी, "सिंहस्थाच्या तोंडावर भाव चढणार, आजच बुक करा" म्हणणारा सेल्समन. तिथं बसून बजेट ठरवायला गेलं की बजेट आपण ठरवत नाही, ते घर ठरवतं.

हे मी अनुभवाने सांगतोय. काही वर्षांपूर्वी अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर आम्ही एका फ्लॅटसाठी १,५१,००० रुपयांचं टोकन दिलं. घरी पेढे वाटले. पंधरा दिवसांनी बँकेत फाईल दिली, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्याने स्क्रीन माझ्याकडे वळवून विचारलं, "हे खातं कुणाचं?" मला आठवेचना. मग लक्षात आलं, चुलतभावाने एका सहकारी बँकेतून टेम्पोसाठी कर्ज घेतलं होतं आणि मी जामीन राहिलो होतो. एका चहाच्या वेळेत केलेली सही. त्याचे सात हप्ते थकले होते आणि ते माझ्या नावापुढेही दिसत होते. ते खातं नियमित होईपर्यंत आमचं प्रकरण पुढे सरकणार नव्हतं. दरम्यान बिल्डरने ठरवून दिलेली मुदत संपली. टोकन परत मिळवायला आठ महिने चकरा मारल्या आणि शेवटी त्यातले ५०,००० कापून घेतले गेले. पावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत तसं लिहिलेलं होतं. भावाचं खातं आधी समजलं असतं तर महिन्याभरात मिटवता आलं असतं, एवढंच राहून राहून मनात येतं.

बँक दोन गोष्टी तपासते

गृहकर्ज देताना बँक आधी माणूस तपासते, मग मालमत्ता. माणूस म्हणजे तुमचं उत्पन्न, चालू हप्ते, परतफेडीचा इतिहास, नोकरीचं स्थैर्य, वय. मालमत्ता म्हणजे घराची मालकी, बांधकामाची परवानगी आणि किंमत. पहिल्या तपासणीसाठी घर ठरलेलं असावं लागत नाही. सॅलरी स्लिप, बँक स्टेटमेंट, फॉर्म सोळा किंवा आयकर विवरणपत्र, आधार, पॅन एवढं दिलं की बँक तुमची पात्रता ठरवून लेखी कळवते: इतक्या रकमेपर्यंत, इतक्या मुदतीसाठी, साधारण या दराने कर्ज देऊ, मात्र घराची कागदपत्रं आमच्या वकिलाला आणि मूल्यांकनकर्त्याला पटली पाहिजेत. याला तत्त्वतः मंजुरी म्हणतात. हे पत्र साधारण तीन ते सहा महिने चालतं, बँकेप्रमाणे कमी-जास्त.

फोनवर येणारी प्री-अप्रूव्हडची ऑफर म्हणजे हे पत्र नव्हे. तो फोन बहुतेक वेळा एजंटचा असतो आणि त्याने तुमचा एकही कागद पाहिलेला नसतो. भाचीच्या त्या पन्नास लाखांचं बँकेत काय झालं ते पुढे येईलच.

काही ठिकाणी या टप्प्यावरच प्रोसेसिंग फी किंवा लॉगिन फी घेतात. प्रकरण नामंजूर झालं तर त्यातलं किती परत मिळणार, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्या.

पात्रतेचं गणित कागदावर

सोमवारी आम्ही बँकेत गेलो. भाची एका खाजगी लॅबमध्ये आहे, हातात ३२,००० येतात. जावई अंबडच्या कंपनीत, त्यांचे ४८,०००. दोघांचे मिळून ८०,०००. जावयांचा ओव्हरटाइम कधीकधी सहा-सात हजारांवर जातो, पण बँकेने तो धरला नाही. दर महिन्याला नक्की येणारा पैसा तेवढा धरायचा, असा त्यांचा हिशेब. सातपूर-अंबडच्या कामगार मित्रांनी हे आधीच लक्षात घ्यावं, कारण आपण घरखर्च ओव्हरटाइमसकट मोजतो आणि बँक तो सोडून मोजते.

हातात येणाऱ्या पगारापैकी साधारण निम्म्यापर्यंत रक्कम सगळ्या हप्त्यांत मिळून जावी, त्याहून जास्त नको, असा बऱ्याच बँकांचा ठोकताळा असतो. पगार कमी असेल तर हे प्रमाण आणखी खाली येतं. इथे ८०,००० चे निम्मे ४०,०००. त्यातून बाइकचा ४,५०० चा चालू हप्ता वजा. राहिले ३५,५००.

आता एक आकडा लक्षात ठेवा. ८.५ टक्के दर आणि २० वर्षं मुदत धरली तर एक लाख कर्जाला महिन्याला ८६८ रुपये हप्ता पडतो. (दर बदलतात. हा मी हिशेबासाठी धरलाय, तुमच्या बँकेचा आजचा दर विचारून मांडणी करा.) ३५,५०० ला ८६८ ने भागलं की जवळपास ४१ लाख येतात. फोनवरच्या पन्नास लाखांतले नऊ लाख इथेच गळाले.

आणि तो बाइकचा हप्ता? ४,५०० भागिले ८६८, म्हणजे पाच लाखांहून जास्त. बाइकच्या कर्जाचे उरले होते जेमतेम तीस-पस्तीस हजार, पण त्यांनी पाच लाखांची पात्रता अडवून ठेवली होती. मोबाइलचा हप्ता, क्रेडिट कार्डावरची थकबाकी, पर्सनल लोन या सगळ्यांचं असंच आहे. शेवटच्या काही हप्त्यांवर आलेली छोटी कर्जं गृहकर्जाच्या अर्जाआधी फेडून टाकावीत आणि खातं बंद झाल्याचा दाखला हातात घ्यावा.

बँक देते तेवढं घ्यायचं का?

४१ लाखांचा आकडा ऐकून भाचीचा चेहरा उजळला. मला काळजी वाटली, कारण बँकेचं गणित बँकेच्या वसुलीपुरतं असतं. तुमच्या सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन, मुलीची फी, गावाकडे भावाच्या लग्नाला लावायचा हातभार यातलं काहीच त्या तक्त्यात बसत नाही.

म्हणून मी त्यांना एक काम दिलं. तीन महिने खोटा हप्ता भरा. इंदिरानगरला ते १४,००० भाडं देतात. नव्या घराचा हप्ता ३५,५०० धरला तर फरक २१,५००. पगार झाला की त्याच दिवशी हा फरक वेगळ्या खात्यात टाकायचा आणि त्याला हात लावायचा नाही. पहिला महिना ओढाताणीत गेला. दुसऱ्या महिन्यात विम्याचा प्रीमियम आला आणि वीस तारखेला त्या खात्यातून सहा हजार काढावे लागले. तेव्हा दोघांनी स्वतःच बसून ठरवलं, २८,००० च्या वर जायचं नाही. त्या हप्त्यात ३२ लाखांचं कर्ज बसतं, हप्ता २७,७७० रुपये.

त्यात मी आणखी एक परीक्षा घातली. गृहकर्जाचा दर बहुतेक वेळा बदलता असतो. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जं रेपो दरासारख्या बाहेरच्या मापाला बांधलेली आहेत आणि प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी ते माप रेपोच असतं. रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने उसने पैसे देते तो रेपो. तो हलला की आपला दरही हलतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या दहा महिन्यांत रेपो ४ टक्क्यांवरून ६.५ वर गेला होता. तसंच पुन्हा झालं आणि दर ८.५ वरून ११ झाला, तर ३२ लाखांचा हप्ता २७,७७० वरून ३३,००० च्या पुढे जातो. त्या वर्षी अनेकांचे हप्ते वाढले नाहीत म्हणून त्यांना हायसं वाटलं, पण बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली होती. वीस वर्षांचं कर्ज पंचविशीच्या पुढे सरकलं आणि कित्येकांना ते उशिरा कळलं. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, याचा पर्याय कर्जदाराला दिला पाहिजे. तो मेसेज आला की वाचून उत्तर द्या, दुर्लक्ष करू नका.

मुदतीचं गणितही एकदा डोळ्यांनी बघण्यासारखं आहे. ३२ लाख, ८.५ टक्के, २० वर्षं: पहिल्या महिन्याच्या २७,७७० पैकी २२,६६७ रुपये निव्वळ व्याज आणि मुद्दलात जमा होतात फक्त ५,१०३. वीस वर्षांत व्याज भरलं जातं सुमारे साडेचौतीस लाख. हेच १५ वर्षांत फेडलं तर हप्ता ३१,५०० च्या आसपास, म्हणजे महिन्याला पावणेचार हजार जास्त, पण व्याजात जवळपास दहा लाख वाचतात. भाचीने तरीही वीस वर्षंच घेतली, आणि मला ते पटलं. बदलत्या दराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराकडून मुदतीआधी फेडीचा दंड घेता येत नाही. तेव्हा हप्ता झेपेल एवढा ठेवायचा आणि जावयांचा ओव्हरटाइम, बोनस येईल तसा मुद्दलात भरायचा, असं त्यांनी ठरवलं. सुरुवातीच्या वर्षांत भरलेला पैसा सगळ्यात जास्त व्याज वाचवतो.

"बाकी बँक देईल" यातलं "बाकी"

घराची पूर्ण किंमत बँक देत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्के आणि त्याच्या वर ७५ टक्के. ही कमाल मर्यादा आहे. बँक त्याहून कमीही देऊ शकते. आणि किंमत म्हणजे करारातली किंमत आणि बँकेच्या मूल्यांकनातली किंमत, यातली जी कमी ती.

मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी सहसा या किमतीत धरत नाहीत. ती खिशातून भरायची. नाशिक महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क सध्या ६ टक्के धरून चाला, आणि ते करारातली किंमत व रेडी रेकनरची (म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेली) किंमत यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर लागतं. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत. नवरा-बायकोच्या जोड नावावर ही सवलत मिळत नाही. नोंदणी फी एक टक्का, पण जास्तीत जास्त ३०,०००.

भाचीच्या ४० लाखांच्या घराचा हिशेब असा झाला. कर्ज ३२ लाख, स्वतःचे ८ लाख. घर तिच्या एकटीच्या नावावर, जावई सहकर्जदार. मुद्रांक शुल्क ५ टक्क्यांनी २ लाख, नोंदणी ३०,०००. प्रोसेसिंग फी, वकील, गहाणाच्या नोंदीचा खर्च, सोसायटीचं हस्तांतरण, सामानाचा टेम्पो, पंखे आणि मीटर धरून आणखी साठ-सत्तर हजार. म्हणजे हातात अकरा लाख हवेत. ती आधी आठच धरून बसली होती. तीन लाखांची ही तूट टोकन दिल्यावर उघड झाली असती, तर ती भरायला पर्सनल लोन घ्यावं लागलं असतं, आणि त्या हप्त्याने गृहकर्जाची पात्रता कमी केली असती.

बांधकाम चालू असलेलं घर असेल तर जीएसटीही आहे. साधारण घराला ५ टक्के, परवडणाऱ्या घराला १ टक्का. नाशिकसारख्या शहरात परवडणारं म्हणजे ९० चौरस मीटरपर्यंत कार्पेट (भिंतींच्या आतलं वापराचं क्षेत्रफळ) आणि ४५ लाखांपर्यंत किंमत, दोन्ही अटी हव्यात. ४५ लाखांच्या फ्लॅटला ४५,००० जीएसटी आणि ४६ लाखांच्या फ्लॅटला २,३०,०००. पार्किंग, क्लब हाउसचे पैसे धरून किंमत ४५ च्या वर जाते का, ते बिल्डरकडून लिहून घ्या. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत पूर्ण झाली, राहायला हरकत नाही असा दाखला) मिळाल्यावर विकलेल्या घराला जीएसटी नाही.

कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत असेल आणि देशात कुठेही पक्कं घर नावावर नसेल, तर प्रधानमंत्री आवास योजना शहरीच्या दुसऱ्या टप्प्यातलं व्याज अनुदान बँकेत विचारा. घर ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असेल तर १.८० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. भाचीचं उत्पन्न त्या रेषेच्या वर होतं.

करसवलतीसाठी म्हणून कर्ज मोठं घेऊ नका. राहत्या घराच्या व्याजावरची दोन लाखांपर्यंतची वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते, नव्यात नाही.

नावावर काय आहे ते आधी स्वतः बघा

माझी चूक इथली, म्हणून जरा थांबून सांगतो. देशात कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत मिळतो. सिबिलचा स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो आणि ७५० च्या वर असला की बोलणी सोपी जातात, दरही बरा मिळतो. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने स्कोअर घटत नाही. मात्र एजंटांच्या मागे लागून एकाच आठवड्यात पाच बँकांत अर्ज टाकले तर त्या प्रत्येक चौकशीची नोंद होते आणि कर्जासाठी धावाधाव चालली आहे असं चित्र तयार होतं.

अहवालात स्कोअरच्या पलीकडे बघा. न ओळखीचं खातं, फेडूनही चालू दिसणारं कर्ज, जामीनकीचं खातं, आणि "सेटल्ड" असा शेरा. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीत तडजोड करून काही रक्कम माफ करून घेतली की हा शेरा बसतो आणि बँकेला तो आवडत नाही. चूक असेल तर त्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीकडे किंवा कर्ज देणाऱ्या बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत निवारण झालं नाही तर पुढे दर दिवशी १०० रुपये भरपाई तक्रारदाराला द्यावी लागते. घर बघायला निघण्याच्या निदान तीन-चार महिने आधी हे काम करा, कारण दुरुस्तीला वेळ लागतो.

ज्यांचा पगार नाही, धंदा आहे, त्यांनी तर दोन-तीन वर्षं आधी विचार करावा. अंबडमध्ये फॅब्रिकेशनचं वर्कशॉप चालवणारा माझा एक मित्र महिन्याला लाखभर कमावतो, पण विवरणपत्रात पाच लाख वार्षिक दाखवत आला. बँकेने विवरणपत्र वाचलं. त्याच्या हातचं काम, गल्ल्यातली रोकड, त्याचा शब्द यातलं काहीच तिथं मोजलं गेलं नाही. दिंडोरी-पिंपळगावच्या द्राक्षवाल्यांचं थोडं वेगळं आहे. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी ते विवरणपत्रात दाखवता येतं. सात-बारा, विक्रीच्या हिशेबपट्ट्या आणि पैसे बँकेतून आल्याच्या नोंदी सलग काही वर्षांच्या जपून ठेवल्या तर बँकेपुढे मांडायला काहीतरी असतं.

पत्र हातात आल्यावर

भाचीचं मंजुरीपत्र बारा दिवसांत आलं. मग आम्ही घरं बघायला निघालो आणि फरक मला लगेच जाणवला. पहिल्याच साइटवर सेल्समनने ५२ लाखांचा फ्लॅट दाखवायला घेतला. ती म्हणाली, "आमचं ४० च्या आतलं आहे, त्यातलं असेल तर दाखवा." आवाज चढवला नाही, संकोचही नाही. रिसेलच्या घरी तर मालकांनी पत्र बघून दोन लाख कमी केले, कारण आधीच्या गिऱ्हाइकाचं कर्ज नामंजूर होऊन त्यांचे चार महिने वाया गेले होते.

आता दुसरी तपासणी, मालमत्तेची. तत्त्वतः मंजुरी असूनही इथे प्रकरण अडू शकतं आणि नाशिकमध्ये अडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. जुन्या नाशकातल्या आणि पंचवटीतल्या वाड्यांत वारसांची नावं पूर्ण लागलेली नसतात. गोदाकाठी पूररेषा येते. नकाशावर पुराची हद्द दाखवणाऱ्या निळ्या रेषेच्या आतल्या बांधकामावर कडक निर्बंध आहेत, तेव्हा नदी-नाल्याजवळचं घर असेल तर महापालिकेत खात्री करा. सिडकोतल्या जुन्या घराला सिडकोच्या दप्तरी नाव कुणाचं आहे आणि मंजूर नकाशापेक्षा वर किती मजले चढलेत, हे बघावं लागतं. म्हसरूळ-आडगावकडे स्वस्त रो-हाउस दिसलं तर बिनशेती आदेश आणि मंजूर नकाशा मागा. "गुंठेवारीचं आहे, पण सगळे राहतात" हे उत्तर बँकेत चालत नाही.

नवं घर असेल तर महारेराचा (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक घ्या आणि संकेतस्थळावर स्वतः पाहा. कोणत्या बँकांनी हा प्रकल्प आधीच मंजूर केलाय, हेही विचारा. एखादी मोठी बँक त्या यादीत असेल तर कागदपत्रांची एक चाळणी झालेली असते.

टोकन देण्याआधी दोन गोष्टी. रेरा कायद्याप्रमाणे नोंदणीकृत साठेखत (खरेदीआधीचा विक्रीचा करार) केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. आणि पावतीवर किंवा विसार पावतीत एक ओळ लिहून घ्या: मालमत्तेच्या कागदपत्रांमुळे बँकेने कर्ज नाकारल्यास पूर्ण रक्कम इतक्या दिवसांत परत. समोरचा ही ओळ लिहायला तयार नसेल तर तिथून उठावं, असं माझं स्पष्ट मत आहे. भाचीसाठी मी ती ओळ माझ्या हाताने लिहिली आणि मालकांनी सही केली.

रिसेलमध्ये "एवढे चेकने, एवढे रोख" असं कुणी म्हणालं तर कर्जाचं सगळं गणित कोसळतं, कारण बँक करारातल्या किमतीवरच कर्ज देते. रोखीचे दहा लाख तुमच्याच बचतीतून जाणार. शिवाय मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला मान्य नाही.

अंतिम मंजुरीच्या वेळी बँकेने की फॅक्ट स्टेटमेंट द्यायला हवं, १ ऑक्टोबर २०२४ पासून ते बंधनकारक आहे. फी वगैरे धरून कर्ज खरोखर किती टक्क्यांना पडतं, तो वार्षिक दर त्यात लिहिलेला असतो. दोन बँकांची तुलना जाहिरातीतल्या दरावर न करता त्या आकड्यावर करा. तुम्हाला समजेल अशा भाषेत ते मागण्याचा हक्क आहे. कर्जासोबत एकरकमी प्रीमियमचा विमा पुढे केला जाईल. विमा हवाच, कर्जदाराला काही झालं तर घरच्यांच्या डोक्यावर हप्ता राहू नये, पण तो त्याच बँकेकडून घ्यायची सक्ती नाही. जावयांनी बाहेरून साधा टर्म इन्शुरन्स घेतला.

मंजुरी आणि प्रत्यक्ष चेक यांच्यामध्ये काही आठवडे जातात आणि पैसे सोडण्याआधी बँक तुमचा अहवाल पुन्हा बघू शकते. त्या काळात नोकरी बदलू नका, कुणाला जामीन राहू नका, नवं काहीही हप्त्यावर घेऊ नका. साठेखताच्या आदल्या आठवड्यात दसऱ्याच्या ऑफरमध्ये शून्य टक्के व्याजाने एसी घ्यायला जावई शोरूममध्ये उभे होते आणि तिथूनच त्यांनी मला फोन केला, "मामा, हा छोटासाच हप्ता आहे, चालेल का?" मी म्हटलं, जावईबापू, तसेच घरी या. एसी आता चावी मिळाल्यावर, रोखीने घ्यायचा ठरलाय.